मिनेसोटातील शालेय हिवाळी हंगाम : आइस हॉकी आणि बास्केटबॉल

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात माध्यमिक शाळांच्या संघांमध्ये नोव्हेंबर ते मार्च या काळात होणाऱ्या आंतरशालेय सामन्यांचा हंगाम. हॉकी म्हणजे येथे बर्फावरची हॉकी. सामने, गट, पात्रता आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धा यांचे नियमन १९१६ मध्ये स्थापन झालेली मिनेसोटा स्टेट हायस्कूल लीग ही संस्था करते. नववी ते बारावीचे विद्यार्थी हा संघांचा मुख्य भाग. सातवी-आठवीतला खेळाडू तेवढ्या तयारीचा असेल तर त्यालाही मुख्य संघात, म्हणजे व्हार्सिटीत, घेता येते. उरलेले ज्युनियर व्हार्सिटीत खेळतात आणि त्यांचा सामना बहुधा त्याच संध्याकाळी, मुख्य सामन्याच्या आधी होतो.

वेळापत्रक. मुलींच्या हॉकीचे सराव सर्वांत आधी, ऑक्टोबरअखेरीस सुरू होतात. मुलांच्या हॉकीचे नोव्हेंबरच्या मध्यावर. बास्केटबॉलचे सराव नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात. नियमित हंगामात हॉकी संघाला २५, तर बास्केटबॉल संघाला २६ सामन्यांची मर्यादा असते. हंगाम मिटतोही त्याच क्रमाने : फेब्रुवारीत मुलींची हॉकी, मार्चच्या सुरुवातीस मुलांची हॉकी, नंतर मुलींचे आणि शेवटी मुलांचे बास्केटबॉल. कागदावरचे हे वेळापत्रक जानेवारीत हमखास मोडते. हिमवादळात शाळा बंद झाली की सामना पुढे जातो. बास्केटबॉलला निदान शाळेची व्यायामशाळा हाताशी असते. हॉकीला मात्र रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, मोकळा तास मिळेपर्यंत थांबावे लागते.

बर्फाचा तास. दोन्ही खेळांतला खरा फरक येथून सुरू होतो. बास्केटबॉलचे मैदान शाळेच्या इमारतीतच असते. मुलांचे दोन-तीन संघ, मुलींचे तितकेच आणि वर कुस्ती किंवा जिम्नॅस्टिक्स यांनी ते वाटून घ्यायचे, एवढाच प्रश्न. बंदिस्त रिंक मात्र बहुधा शहराची, जिल्ह्याची किंवा स्थानिक हॉकी मंडळाची असते आणि तासाच्या भाड्याने मिळते. म्हणून शाळा सुटताच खेळाडू रिंक गाठतात, तास-दीड तासाचा सराव मिनिटामिनिटाने आखलेला असतो आणि फळ्यावर समजावून सांगायचे ते कपडे बदलण्याच्या खोलीतच उरकले जाते. बर्फावर उभे राहून भाषण देणारा प्रशिक्षक पालकांना परवडत नाही.

खेळाडू घडतो तोही शाळेबाहेर. पाच-सहा वर्षांचे मूल गावाच्या मंडळात माइट या पातळीवर दाखल होते आणि स्क्वर्ट, पीवी, बँटम असे टप्पे ओलांडत शाळेच्या संघापर्यंत पोहोचते. स्केट, हेल्मेट, पॅड, काठ्या, प्रवास आणि बर्फाचे भाडे असा खर्च तोवर दहा वर्षे चालू असतो. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा स्केट घालून हॉकी संघात येणे जवळजवळ अशक्य. बास्केटबॉलमध्ये मात्र अचानक उंची वाढलेला मुलगा नववीत खेळ सुरू करूनही बारावीत संघाचा आधार होऊ शकतो. या राज्यात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले हॉकीपेक्षा बास्केटबॉलमध्ये का अधिक दिसतात, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

हॉकीचा सामना. मिनेसोटात १७ मिनिटांचे तीन डाव खेळतात. रिंक सुमारे ६१ मीटर लांब व २६ मीटर रुंद. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरायची चकती, कडक रबराची, अडीच सेंटिमीटर जाड, साडेसात सेंटिमीटर व्यासाची व सुमारे १६० ग्रॅम वजनाची. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. बर्फाचा थर जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. दोन डावांच्या मध्ये झाम्बोनी हे यंत्र वरचा भुगा तासून काढते आणि गरम पाण्याचा पातळ थर पसरते. गरम पाणी वरचा बर्फ किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते, त्यामुळे पृष्ठभाग अधिक सपाट व टणक गोठतो. प्रेक्षागृह खचाखच भरले की हवा उबदार व दमट होते, बर्फ मऊ पडतो, भुगा लवकर साचतो आणि पक सरकण्याऐवजी उड्या मारू लागते. अशा वेळी शेवटच्या पाच मिनिटांत नाजूक पास द्यायचा सोडून पक रिंकच्या कडेच्या फळीवर आपटून बाहेर काढणारा बचावपटू अधिक उपयोगी.

मैदानात गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू असतात. आघाडीच्या त्रिकुटाला लाइन म्हणतात. मोठ्या शाळेकडे तीन सशक्त लाइन असतात, लहान शाळेकडे कशाबशा दोन. एक पाळी ४० ते ५० सेकंदांची. खेळ चालू असतानाच बाकावरचे आत येतात, आतले बाहेर जातात. दोनच लाइनवर खेळणारा संघ पहिल्या डावात बरोबरीत दिसतो आणि तिसऱ्यात कोसळतो. चूक मात्र पुष्कळदा दुसऱ्या डावात होते. प्रत्येक डावाला बाजू बदलते, बाक जागेवरच राहतो. त्यामुळे दुसऱ्या डावात आपला गोल आपल्या बाकापासून दूर पडतो. पक आपल्या बचावक्षेत्राच्या निळ्या रेषेबाहेर काढता आली नाही तर दमलेल्या बचावपटूंना बदली मिळत नाही, दीड मिनिट तेच पाच जण अडकतात आणि गोल बसतो. जाणते प्रशिक्षक दुसऱ्या डावात पाळ्या आणखी आखूड करतात. साध्या नियमभंगाला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. तेवढा वेळ संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो.

बास्केटबॉलचा सामना. बऱ्याच राज्यांत आठ मिनिटांचे चार भाग असतात. मिनेसोटात १८ मिनिटांचे दोन अर्धे. बरोबरी झाल्यास चार मिनिटांचा जादा डाव. शालेय मैदान २५.६ मीटर लांब, म्हणजे व्यावसायिक मैदानापेक्षा तीन मीटर आखूड. कडे ३.०५ मीटर उंचीवर आणि तीन गुणांची रेषा सुमारे सहा मीटरवर. मुलांचा चेंडू सात क्रमांकाचा, मुलींचा सहा क्रमांकाचा. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाद. मुख्य खेळाडूला पहिल्या दहा मिनिटांतच दोन फाउल मिळाले तर त्याला बसवायचे की नाही, हा प्रशिक्षकांचा कायमचा वादविषय. बहुतेक जण बसवतात, आणि पुष्कळदा तेवढ्याच वेळात प्रतिस्पर्धी दहा गुणांनी पुढे जातो.

२०२३–२४ च्या हंगामापासून व्हार्सिटी सामन्यांना ३५ सेकंदांचे शॉट क्लॉक लागू झाले. तोवर आघाडीवरचा संघ चेंडू हातात ठेवून शेवटची तीन-चार मिनिटे सहज काढीत असे आणि दुबळे संघ बलाढ्यांविरुद्ध हेच हत्यार वापरीत. आता ३५ सेकंदांत चेंडू किमान कड्याला लागला पाहिजे. सामन्याच्या टेबलावर एक प्रशिक्षित माणूस वाढवावा लागला. कड्याला न लागलेल्या फेकीवर घड्याळ पुन्हा सुरू करणे ही त्याची नेहमीची चूक. त्यासाठी पंच खेळ थांबवतात आणि गलका होतो.

विभाग व राज्य स्पर्धा. विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे हॉकीत दोन आणि बास्केटबॉलमध्ये चार गट आहेत. बास्केटबॉलमध्ये सर्वांत मोठ्या ६४ शाळा वरच्या गटात, पुढच्या ६४ त्याखालच्या, नंतरच्या १२८ तिसऱ्या आणि उरलेल्या शेवटच्या गटात. लहान शाळेला स्वेच्छेने वरच्या गटात खेळता येते. हॉकीत काही जुनी गावे मोठ्यांशी भिडण्यातच भूषण मानून ते करतात. कॅनडाच्या सीमेलगतचे रोसो हे त्यांतले ठळक नाव.

प्रत्येक गटात आठ विभाग. विभागीय फेरी बाद पद्धतीची, आणि प्रत्येक विभागाचा विजेता राज्य स्पर्धेत जातो. येथे हंगामाची सगळी आकडेमोड पालटते. २५ पैकी २३ सामने जिंकलेला संघ विभागीय अंतिम सामन्यात एका गोलाने हरला की घरी बसतो. सोप्या विभागातला मध्यम संघ राज्य स्पर्धा खेळतो. आठ संघ ठरल्यावर पहिल्या पाचांचे मानांकन प्रशिक्षकांच्या मतांनी होते, उरलेल्या तिघांची जागा चिठ्ठीने ठरते. अव्वल मानांकिताला पहिल्याच दिवशी धोकादायक संघ मिळण्याची शक्यता त्यामुळे कायम राहते, आणि ते बरेच आहे.

मुलांची हॉकी स्पर्धा सेंट पॉल येथे बुधवार ते शनिवार चालते : बुधवारी लहान शाळांचे उपांत्यपूर्व सामने, गुरुवारी मोठ्यांचे, शुक्रवारी उपांत्य, शनिवारी अंतिम. २००१ पासून ती ज्या रिंकवर होते तिचे नाव प्रदीर्घ काळ एक्सेल एनर्जी सेंटर होते. २०२५ पासून ते ग्रँड कॅसिनो अरीना आहे. चार दिवसांत तिकिटे एक लाखाच्या पुढे जातात. त्या मानाने मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटर आणि विद्यापीठाच्या विल्यम्स अरीनात होणारे बास्केटबॉल शांत वाटते. वास्तविक लिंडसे व्हेलन, पेज ब्यूकर्स, जेलन सग्ज आणि चेट होल्मग्रेन हे सगळे नामवंत बास्केटबॉलपटू याच राज्याच्या शाळांमधून आले.

इतिहास. बास्केटबॉलची परंपरा जुनी. दोन महाविद्यालयीन संघांमधला पहिला मानला जाणारा सामना ९ फेब्रुवारी १८९५ रोजी सेंट पॉलच्या हॅम्लिन विद्यापीठात झाला आणि पाहुण्या कृषी विद्यालयाने तो ९–३ असा जिंकला. मुलांची राज्य स्पर्धा १९१३ मध्ये नॉर्थफील्डच्या कार्लटन महाविद्यालयात सुरू झाली. पहिला विजेता फॉस्टन. सर्व शाळा एकाच गटात असताना, १९६० मध्ये, नैर्ऋत्येकडील हजारभर वस्तीच्या एजर्टन गावाने एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले. गट पाडण्याच्या प्रत्येक वादात विरोधक एजर्टनचे नाव घेतात; एका अपवादावर किती भार टाकायचा, हे ते सांगत नाहीत.

हॉकीची राज्य स्पर्धा १९४५ मध्ये सुरू झाली. लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातील एव्हलेथने पहिले विजेतेपद पटकावले आणि १९४८ ते १९५१ या काळात सलग चार विजेतेपदे व सलग ६९ विजय मिळवले. १९५१ च्या स्पर्धेत जॉन मेयासिचने तीन सामन्यांत १५ गोल केले. त्याच्या आधीच्या विजेत्या एव्हलेथ संघांचा गोलरक्षक विलार्ड इकोला पुढे मिनियापोलिसच्या उपनगरातील ईडायना शाळेचा प्रशिक्षक झाला आणि तिला त्याने आठ विजेतेपदे मिळवून दिली. सत्ता खाणपट्ट्याकडून उपनगरांकडे कशी सरकली, ते या एका कारकिर्दीत दिसते. उत्तरेत खाणकामगारांची वस्ती घटत गेली. उपनगरांत नव्या बंदिस्त रिंक आणि मोठी मंडळे उभी राहिली. १९६९ च्या अंतिम सामन्यात उत्तरेकडील वॉरोड गावचा, ओजिब्वे या मूळनिवासी जमातीतला खेळाडू हेन्री बूशा जखमी होऊन बाहेर गेला आणि ईडायनाने जादा वेळेत ५–४ असा विजय मिळवला. वॉरोडकडचे लोक तो सामना अजून उगाळतात. १९९२ पासून हॉकीतही दोन स्तर आले.

१९९६ च्या उपांत्य सामन्यात ॲपल व्हॅलीने डुलूथ ईस्टला पाचव्या जादा डावात ५–४ असे हरवले, तेव्हा रात्रीचे दीड वाजून गेले होते. विजयी संघाचा गोलरक्षक कार्ल गोरिंग याने ६५ फटके अडवले होते.

मुलींच्या हॉकीला १९९४ मध्ये अधिकृत मान्यता देणारे मिनेसोटा हे पहिले राज्य. पहिली स्पर्धा १९९५ मध्ये झाली आणि ती ॲपल व्हॅलीने जिंकली. २०२० साली मुलांची हॉकी स्पर्धा कशीबशी पार पडली. आठवडाभरात कोविडमुळे मुलींच्या बास्केटबॉलचे अंतिम सामने रद्द झाले.

सुरक्षितता व पात्रता. खेळाडूला गेल्या तीन वर्षांतील वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी त्याला बाहेर काढायचे आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, असा राज्याचा कायदा २०११ पासून आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मागून बसलेल्या धडकेने एका शालेय हॉकीपटूच्या मणक्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, हंगाम चालू असताना, मागून धडक देणे, फळीवर आदळणे आणि डोक्यावर आघात करणे यांसाठी पाच मिनिटांची शिक्षा सक्तीची करण्यात आली. फळीपासून हातभर अंतरावर, पाठ वळवून उभा असलेला खेळाडू सर्वांत असुरक्षित असतो : फळीला टेकलेल्याला आधार तरी असतो, याला तोल सावरायला जागाच नसते. कुटुंबाने घर न बदलता शाळा बदलली, तर काही अपवाद वगळता एक वर्ष व्हार्सिटीत खेळता येत नाही. चांगल्या संघांनी खेळाडू पळवू नयेत म्हणून हा नियम आहे. तक्रारी तरीही दर हंगामात येतात.

संयुक्त संघ. ग्रामीण भागात पटसंख्या घटल्याने दोन-तीन शाळा मिळून एक संघ उतरवतात. हॉकीत हे प्रमाण अधिक, कारण पाच बास्केटबॉलपटू जमवणे आणि दोन गोलरक्षकांसह वीस जणांचा संघ उभा करणे यांत मोठे अंतर आहे. जानेवारीत एकमेकांविरुद्ध बास्केटबॉल खेळणारी मुले त्यामुळे हॉकीत एकाच रंगाच्या जर्सीत दिसतात. करार करताना नाव, रंग, कोणत्या गावच्या रिंकवर किती सामने आणि बसचा खर्च कोणाकडे, हे आधी लिहून घ्यावे लागते. पहिल्या दोन गोष्टींवर बैठका लांबतात, करार मोडतात ते मात्र बसच्या खर्चावर.