पेशंटजवळ कोण थांबणार?

मार्च 2020 च्या अखेरीस लासलगाव परिसरात नाशिक जिल्ह्यातील पहिला करोनाबाधित रुग्ण आढळला आणि त्यानंतर विलगीकरण कक्षांची दारे नातेवाइकांसाठी बंद झाली. संसर्ग रोखण्यासाठी हा नियम गरजेचाच होता. मात्र खाटेवरचा रुग्ण स्वतः कुशीवर वळू शकतो, घंटा दाबू शकतो, परिचारिकेचे बोलणे ऐकू शकतो आणि आपल्याला काय होते आहे ते सांगू शकतो, असे त्यात गृहीत धरलेले होते. अनेक दिव्यांग रुग्णांना यांतील एखादी गोष्ट जमत नाही, काहींना तर एकही जमत नाही.

मानेच्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. खोकताना बरगड्यांमधील आणि पोटाचे स्नायू एकदम आकुंचन पावतात व हवेच्या जोराने कफ बाहेर पडतो. या स्नायूंपर्यंत मेंदूचा संदेशच पोहोचत नसेल, तर खोकला क्षीण होतो, कफ फुप्फुसात साचतो आणि साधा न्यूमोनियाही जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाच्या पोटावर योग्य क्षणी हातांनी दाब देऊन त्याला खोकण्यास मदत करता येते, आणि घरचे माणूस पुष्कळदा हे तंत्र शिकलेले असते. शरीराचे तापमान राखण्याची यंत्रणाही अशा व्यक्तींत दुबळी झालेली असते. त्यामुळे निफाडच्या कडाक्याच्या थंडीत किंवा मे महिन्याच्या उन्हात दारावरच्या तापमापक यंत्राने दाखवलेल्या आकड्यावरून ताप आहे की नाही हे ठरवणे धोक्याचे असते.

याहून गंभीर बाब म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीवर इजा असेल, तर लघवीची नळी मुडपून मूत्राशय तुंबणे एवढ्या कारणानेही रक्तदाब अचानक धोकादायक पातळीपर्यंत चढतो, डोके ठणकते आणि चेहऱ्यावर घाम फुटतो. रोज सोबत राहणारे माणूस प्रथम नळी तपासते. नव्या कक्षातील, संरक्षक पोशाखात घामेजलेल्या आणि अनेक खाटा सांभाळणाऱ्या परिचारिकेला ते लगेच सुचेलच असे नाही, आणि त्यात तिचा दोषही नाही.

कर्णबधिर रुग्णाला मास्कमुळे ओठांची हालचाल दिसत नाही. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलाला ऑक्सिजनचा मास्क का लावला आहे हे कळत नाही. तो ओढून काढतो, आणि आईचा आवाज ऐकला तर कदाचित राहू देतो.

इंग्लंडमधील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते नोव्हेंबर 2020 या काळाचा अभ्यास केला, तेव्हा अभ्यासलेल्या लोकसंख्येत दिव्यांग व्यक्ती सुमारे 17 टक्के असताना करोनामृत्यूंमध्ये त्यांचा वाटा जवळजवळ 60 टक्के आढळला. त्यात वृद्धांचे प्रमाण मोठे होते हे खरे. तरी वय, राहणीमान व इतर आजार हिशेबात धरूनही वाढीव धोका पूर्णपणे नाहीसा झाला नाही. माझ्या मते, सगळा दोष शरीरावर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडता येणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 आपत्तीकाळात समान संरक्षणाची आणि सरकारी व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत अडथळाविरहित सेवेची हमी देतो. ती प्रत्यक्षात आणायची, तर मदतनिसाला भेटायला आलेला पाहुणा न मानता उपचार करणाऱ्या चमूतील एक सदस्य मानावे लागेल: एकच ठरलेली व्यक्ती, तिला संरक्षक साहित्य, ते घालण्या-काढण्याचे प्रशिक्षण आणि नियमित तपासणी. सोबत रुग्णाच्या गरजा, औषधे आणि संवादाची पद्धत लिहिलेला एक कागद खाटेपाशी लावलेला असावा.

रुग्णालयापर्यंत पोहोचणे हाही प्रश्न आहेच. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरून चाकाच्या खुर्चीवरील माणसाला नाशिकला आणायचे, तर संपूर्ण कुटुंबाची रोजी बुडते. सप्टेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरी जाऊन लस देण्यास मान्यता दिली. लसीकरण मोहीम मात्र जानेवारीतच सुरू झाली होती. पुढच्या साथीत अशा व्यक्तींची गावनिहाय यादी आशा सेविकांच्या मदतीने आधीच तयार असेल, तर लस पहिल्या टप्प्यातच त्यांच्या दारापर्यंत नेता येईल.