गढीची बाधा (खानदेश)

गढी, किल्ला, वाडा किंवा थडगे अशा जुन्या वास्तूत मृताचा वावर असल्याचा समज आणि तो वावर भगताकडून ‘पाहून घेण्याची’ प्रथा. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे आणि आज मध्य प्रदेशात मोडणारा बऱ्हाणपूर-असीरगड परिसर, म्हणजे स्थूलमानाने फारूकी सुलतानांचा मुलूख, एवढाच प्रदेश येथे विचारात घेतला आहे. अंगात येणे, घुमणे, उतारा, अंगारा या बाबी महाराष्ट्रात इतरत्र आहेत तशाच येथेही आढळतात.

वास्तूत कोण ‘आहे’ हे बहुधा वास्तूच्या मूळ मालकावरून ठरते. ब्राह्मण वा सावकाराच्या पडक्या वाड्यात समंध, मशिदी-मकबऱ्यांच्या आसपास जिन्न किंवा खवीस, पारावरच्या पिंपळावर मुंजा. समंध पुरलेल्या धनावर बसलेला असतो, ही कल्पना विशेष दृढ आहे. पायाळू माणसाला, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याला, असे धन दिसते असा समज असल्याने भगताबरोबर पायाळूलाही नेले जाई.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. सातपुड्यातील भिल्लांमध्ये बडवा (त्यांचा मांत्रिक) हा रोगाचे व मृत्यूचे कारण सांगतो, आणि पूर्वजांसाठी दगड वा लाकडी खांब उभारण्याची चाल आहे. प्रथेचे मूळ तेथे शोधण्याकडे काहींचा कल दिसतो. दुसरा पक्ष तिचा संबंध गुप्तधनाशी जोडतो. तिसरे स्पष्टीकरण खुद्द मातीचे आहे. अनेक गढ्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर उभ्या आहेत, आणि धाब्याच्या घरांसाठी तेथील माती खणून नेली जाते. तापीकाठचे प्रकाशे व गिरणाकाठचे बहाळ येथील उत्खननांतून ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर उजेडात आले असून बहाळसमोरच्या टेकवाडे येथे दफनेही मिळाली. फावड्याला अचानक हाडे वा रांजण लागला, की ‘जागा वाईट’ ठरणे अवघड नाही. बडव्याचे कार्य मुख्यतः माणसांच्या दुखण्याशी निगडित असल्याने पहिले मत अपुरे पडते. दुसरे व तिसरे एकत्र घेणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रत्यक्ष पारख बहुधा तळघरात किंवा धान्याच्या पेवाच्या तोंडाशी होते. भगत पणती आत सरकवतो. ज्योत आधी लालसर होऊन आखडते, मग विझते. खाली उतरलेल्याला घेरी येते, छाती दडपते. हीच खूण मानली जाते. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) साठतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो. विझलेली पणती म्हणूनच अगदी योग्य इशारा असते; तिचे कारण चुकीचे दिले तरी आत उतरू नये हे खरेच. वटवाघळांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचा उग्र दर्पही अशा समजास हातभार लावतो.

ऐतिहासिक वास्तूंत बऱ्हाणपूरचा उल्लेख वारंवार येतो. शाहजहानची बेगम मुमताज महल तेथे चौदाव्या बाळंतपणात वारली. मृत्यूची तारीख कुठे 7 जून, तर कुठे 17 जून 1631 अशी आढळते. 17 जिल्काद 1040 हा हिजरी दिवस ग्रेगोरियन गणनेने 17 जूनला येतो. 7 जून ही त्याच दिवसाची जुन्या ज्युलियन पंचांगातील तारीख आहे. तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत तात्पुरते दफन झाले आणि डिसेंबर 1631 मध्ये शव आग्र्याकडे नेण्यात आले. या बागेत (आहूखाना) बेगमेचा आत्मा फिरतो असे स्थानिक लोक सांगतात. दफन नेमके कोणत्या बांधकामात झाले याबद्दल मतभेद आहेत; आख्यायिका मात्र एकाच बारादरीला धरून आहे. शव हलवल्यावर आत्मा मागे का राहावा, हा प्रश्न ती विचारत नाही.

असीरगडावर व नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा शिखरावर वावरणारा अश्वत्थामा भुतांत मोजू नये. तो चिरंजीव आहे. जखमेसाठी तेल मागतो आणि दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. धुळे जिल्ह्यातील थाळनेरच्या किल्ल्यात 27 फेब्रुवारी 1818 रोजी ब्रिटिश सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्याने शिबंदीची कत्तल केली व किल्लेदारास फाशी दिले. अपमृत्यूचा निकष लावल्यास हा किल्ला या यादीत वरच्या स्थानी असावा.

1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार 10 रुपयांहून अधिक किमतीचे सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे हे गुन्हे ठरवले. हा कायदा बऱ्हाणपूरला लागू नाही.