‘बॉर्न’मधलं ओझं

चाकाचं बेअरिंग गेलं की गाडी घरघरायला लागते. मेकॅनिक ते काढून हातावर ठेवतो: दोन पोलादी कड्या, मधे छर्रे, आणि चाकाचा सगळा भार त्या छऱ्यांवर. तिकडे प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर ‘न्यूबॉर्न’ लिहिलेलं असतं. हे दोन शब्द एकाच घरातले आहेत असं सांगितलं, तर मेकॅनिक आणि नर्स दोघंही हसतील. पण आहेत खरे.

दोघांचं मूळ ‘बेअर’ हे इंग्रजी क्रियापद. (अस्वलाचा इथे संबंध नाही, तो शब्द वेगळा, फक्त कानाला सारखा.) ‘बेअर’ म्हणजे वाहणं, पेलणं. त्यावरून दुःख सोसणं, झाडाने फळ धरणं, आणि बाईने मूल पोटात वाहून जन्माला घालणं. बेअरर चेकमधला ‘बेअरर’ही तोच, चेक घेऊन येणारा. मराठीत आपण त्याला ‘धारक’ म्हणतो, आणि गर्भाचीही ‘धारणा’च होते. म्हणजे धातू निराळा, पण डोकं त्याच वाटेने चाललं.

या ‘बेअर’चं जुन्या इंग्रजीतलं कर्मणी रूप ‘बोरेन’. त्याचं झिजून ‘बॉर्न’ झालं. म्हणून ‘आय वॉज बॉर्न’ या साध्या वाक्याचा मुळातला अर्थ ‘मी वाहिला गेलो’ असा होतो. वाहिलं कोणी, ते वाक्यात नाही. नऊ महिने जिने भार वाहिला ती व्याकरणाच्या दाराबाहेर उभी.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर याची खूण राहिली आहे. आज या शब्दाची दोन रूपं लिहितात: एक शेवटी ‘ई’ नसलेलं, एक ‘ई’ असलेलं. ‘मूल जन्मलं’ म्हणताना ‘ई’ नाही. पण ‘तिने तीन मुलांना जन्म दिला आहे’ म्हणायचं, म्हणजे आई कर्ता म्हणून वाक्यात आली, की ‘ई’ लागतो. उच्चार बहुतेकांच्या तोंडी एकच. आई वाक्यात असेल तर एक अक्षर जास्त, तेही मुकं! ही वाटणी जुनी नाही. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘पुन्हा जन्म घेतल्याशिवाय’ या प्रसिद्ध वचनात ‘ई’ लावूनच छापलं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

जन्म सोडून बाकी सगळ्या वाहण्याला ‘ई’वालं रूप. हवेतून पसरणारा रोग ‘एअरबोर्न’, पाण्यातून पसरणारा ‘वॉटरबोर्न’. इथे हवेत काही जन्मत नाही. हवा फक्त जंतू वाहून नेते. चांगले शिकलेले लोकही इथे ‘ई’ खातात आणि रोगाला हवेत जन्माला घालतात.

मराठीचं याबाबतीत निराळंच आहे. ‘तिला मुलगी झाली.’ यात कोणी काही केलं नाही, वाहिलं नाही. मुलगी आपली झाली. पण आई निदान वाक्यात हजर आहे. म्हैस मात्र थेट ‘व्याली’, तिथे क्रियापद तिचं स्वतःचं. हा ‘व्या’ संस्कृतातल्या ‘विजायते’तून आला, म्हणजे ‘जन्म’, ‘जननी’, ‘जात’ यांच्या ‘जन्’ धातूचा. इंग्रजीतले ‘जीन’ आणि ‘जनरेशन’ याच ‘जन्’चे दूरचे भाऊबंद.

आणि ‘बेअर’? तो आपल्या ‘भृ’ धातूचा सख्खा. भृ म्हणजे वाहणं, पोसणं. ‘भार’ त्यातूनच आला. भर्ता म्हणजे पोसणारा आणि भार्या म्हणजे जिला पोसायचं ती. (नऊ महिन्यांचा हिशेब पाहता ही नावं अदलाबदल करून ठेवायला हवी होती.) संस्कृतातला ‘भ’ इंग्रजीत ‘ब’ होतो आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘फ’. भ्राता, ब्रदर, फ्रातेर; तसंच भरामि, बेअर, फेरो. या लॅटिन ‘फेरो’तून ‘ट्रान्सफर’ म्हणजे पलीकडे वाहून नेणं, ‘रेफर’ म्हणजे मागे नेणं, आणि जी भरभरून पिकते ती ‘फर्टाइल’ जमीन. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात मांडलं. ध्वनी असे नियमाने बदलतात हे याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये जर्मॅनिक भाषांसाठी, म्हणजे जर्मन, इंग्रजी वगैरेंच्या कुळासाठी, सविस्तर दाखवलं. तेच ते, परीकथा गोळा करणारे.

गरोदर बाईच्या केस पेपरवर डॉक्टर ‘जी’ आणि पुढे आकडा लिहितात. तो ‘जी’ म्हणजे ‘ग्रॅव्हिडा’, लॅटिनमध्ये जड झालेली. संस्कृतात गर्भवतीला ‘गुर्विणी’ म्हणतात, ‘गुरु’ म्हणजे जड यावरून. ग्रॅव्हिडा आणि गुर्विणी हेही एकाच मुळाचे. ओझ्याची आठवण अशी केस पेपरवर टिकून आहे.

वाक्प्रचारांत मात्र ओझं पुसलं गेलं. तिथे जन्म हा फक्त शिक्का आहे. ‘मी काही काल जन्मलेलो नाही’ असं इंग्रज म्हणतो तेव्हा त्याला ‘मी दूधखुळा नाही’ एवढंच म्हणायचं असतं. श्रीमंताचं मूल तिकडे तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मतं. मराठीत येता येता चमचा सोन्याचा झाला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटने राजाच्या मद्यपानाच्या प्रथेबद्दल बोलताना, मी इथलाच, या ‘मॅनर’मध्येच जन्मलेला, असं म्हटलं. मॅनर म्हणजे रीत. पण ‘मॅनॉर’ म्हणजे जहागीरदाराचा वाडा, उच्चार तोच, आणि ऐकणाऱ्यांना रीतीपेक्षा वाडा पटला. आता दोन्ही चालतात.

मला सर्वांत आवडतो तो ‘कॉल’ घेऊन जन्मण्याचा प्रकार. गर्भ पाण्याने भरलेल्या पातळ पिशवीत असतो. कळांदरम्यान पाणमोट फुटते आणि बाळ पिशवीतून बाहेर येतं. क्वचित पिशवीचा तुकडा बाळाच्या डोक्यावर टोपीसारखा चिकटून येतो. तोच हा कॉल. तो सुईण अलगद काढून टाकते, बाळाला काही होत नाही. पण युरोपात हे फार मोठ्या भाग्याचं लक्षण मानत. खलाशी असे वाळवलेले पापुद्रे विकत घेऊन जवळ बाळगत. कॉल जवळ असला की माणूस बुडत नाही, अशी समजूत. आजही नशीबवान माणसाबद्दल इटालियन आणि रशियन लोक ‘सदरा घालून जन्मला’ म्हणतात, आणि फ्रेंच ‘डोकं झाकून जन्मला’.

चांदीचा चमचा बाळाला दुसरे देतात. हा सदरा तसा नाही. त्या पिशवीचा आतला पडदा आईच्या शरीराचा नसतो. ज्या फलित पेशीतून बाळ घडतं, तिच्याच लेकी-पेशी तो विणतात. बाळ सदरा घरूनच शिवून आणतं.