दृष्टिबाधित व शारीरिक दिव्यांगांसाठी विनामूल्य ग्रंथसेवा (नाशिक)

छापील मजकूर डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या, तसेच पुस्तक हातात धरणे किंवा पान उलटणे ज्यांना जमत नाही अशा वाचकांना ब्रेल, बोलकी वा संगणकीय पुस्तके वर्गणी न घेता पुरवणारी सेवा. नाशकातील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. पण या वाचकांची गरज ग्रंथालयाच्या नेहमीच्या कपाटांतून भागत नाही. राष्ट्रीय अंध संघाच्या, म्हणजे नॅबच्या, महाराष्ट्र शाखेचे कार्यालय सातपूरला आहे आणि घरी राहून शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही याच शहरात असल्याने या सेवेला येथे विशेष महत्त्व आहे.

मराठी ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलनुसार, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या समान ब्रेल पद्धतीनुसार, सहा ठिपक्यांत, लिहिले जाते. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी येते, म्हणजे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने बोटाखालून जातात. जोडाक्षरात मात्र हलन्ताचा, म्हणजे पाय मोडल्याची खूण असलेला, ठिपका व्यंजनाच्या आधीच भेटतो. जाड कागद आणि मोठी अक्षरे यांमुळे एका कादंबरीचे अनेक खंड होतात. असे जड गठ्ठे सुरगाणा किंवा पेठ अशा दूरच्या तालुक्यांतील वाचकालाही परवडतात, कारण अंधांसाठीच्या साहित्याला टपालखर्च माफ आहे.

बोलक्या पुस्तकांत डेझी हा प्रकार सर्वांत सोयीचा, कारण त्यात प्रकरण, मथळा किंवा पानावर थेट जाता येते. साध्या ध्वनिफितीत हवा तो उतारा शोधताना फीत मागेपुढे करत बसावे लागे. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी अशी प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, मात्र संस्थेने ती नफ्यासाठी करता कामा नये. अशा प्रती करण्याची व देशोदेशी पाठवण्याची मोकळीक देणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार २०१३ चा. त्याला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या संगणकीय ग्रंथालयाचे सभासदत्व छापील वाचन न जमणाऱ्यांना विनामूल्य मिळते.

कायद्याने वाट मोकळी केली, तरी मराठीपुरती खरी अडचण टंकांची, म्हणजे संगणकावरील फॉन्टची, आहे. युनिकोड ही प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या टंकांत जुळवलेल्या पुस्तकाची फाइल पडद्यावर सुबक मराठी दिसते, पण आत मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हेच साठवलेली असल्याने पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा संगणकीय कार्यक्रम, ती इंग्रजी समजून अर्थहीन काहीतरी बोलू लागतो. मजकूर युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे व रफार हाताने तपासावे लागतात, आणि हे काम पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करण्याइतकेच वेळखाऊ ठरते.

शारीरिक दिव्यांगांना बहुधा रूपांतर नको असते, पुस्तक घरपोच हवे असते. जुन्या नाशकातील वाड्यांचे अरुंद, उभे जिने चाकाच्या खुर्चीला चढता-उतरता येत नाहीत. तेथे सभासदाच्या वतीने घरच्या माणसाला किंवा शेजाऱ्याला पुस्तक बदलू देणे आणि परतीची मुदत वाढवून देणे, एवढ्यानेही बरेच साधते.