टर्बोला तेल पोचतं, परतीचं काय?

पेट्रोल गाडीला बाहेरून आणलेला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र, बसवला की बऱ्याच गाड्या थोड्याच दिवसांत निळा धूर मारायला लागतात, आणि मग चिपळूण असो नाहीतर कुडाळ, गॅरेजात निकाल एकच, "सील गेलं". टर्बो उतरवतात, दुसरा कोअर (टर्बोचा दांडा-बेअरिंगवाला मधला भाग) टाकतात, तोही धूर मारतो, मग विकणाऱ्याच्या नावाने शिव्या सुरू. मला विचाराल तर अशा वेळी टर्बोकडे सगळ्यात शेवटी बघावं, आधी गाडीखाली सरपटत जाऊन तेलाची परतीची नळी कशी नेलीय ते बघावं.

का ते सांगतो. टर्बोच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या गॅसवर फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक, आणि दोघांना जोडणारा मधला दांडा, बोटापेक्षा बारीक. पूर्ण लोडवर हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, इंजिन बिचारं सहा-सात हजारांतच ओरडायला लागतं. एवढ्या स्पीडला धातूवर धातू टेकून चालूच शकत नाही. म्हणून साध्या टर्बोत दांड्यावर बेअरिंग म्हणून जे बुश (धातूच्या आखूड नळ्या) असतात ते मोकळे ठेवलेले असतात, बुशच्या आतही तेल, बाहेरही तेल, आणि बुश स्वतःही दांड्यापेक्षा कमी वेगाने फिरत असतो, म्हणजे अख्खा दांडा तेलावर तरंगतोय. फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची. त्यात टर्बाइनकडे येणारा गॅस पेट्रोल गाडीत ९०० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो, ती उष्णता बेअरिंगपाशी साठू न देता घेऊन जायचं कामही याच तेलाचं.

आता ते सील. रबरी ऑइल सील तिथं टिकणारच नाही, जळून जाईल. दोन्ही टोकांना खाचेत बसवलेली, पिस्टन रिंगसारखी एक बारीक रिंग असते फक्त, आणि ती तेल पूर्ण अडवतच नाही. बाहेरून गॅसचा नाहीतर हवेचा दाब, आत बेअरिंगभोवतीचा जवळजवळ रिकामा कोठा जिथनं तेल लगेच खाली पडून जातंय, या फरकावर सगळा खेळ आहे. कोठ्यात तेल तुंबलं की नवीकोरी रिंगसुद्धा काही करू शकत नाही, तेल टर्बाइनकडे गेलं तर एक्झॉस्टमध्ये जळतं आणि कॉम्प्रेसरकडे गेलं तर इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात साचतं.

आणि तुंबतं का, तर तेल टर्बोत जातं पंपाच्या दाबाने पण परत येतं निव्वळ उताराने. बेअरिंगमधून बाहेर पडलं की दाब संपला, वर त्यात हवा आणि गॅस मिसळून फेस झालेला, म्हणजे तेवढंच तेल जास्त जागा मागणार. म्हणून आत जाणारी नळी ४-५ मिमी भोकाची चालते पण परतीच्या नळीचं आतलं भोक किमान अर्धा इंच पाहिजे, जागा असेल तर १६ मिमी ठेवा, मोठं ठेवल्याने नुकसान काहीच नाही. सुपारीच्या बागेत पाटाने पाणी आणणाऱ्याला पुढचं सांगायलाच नको: उतार सलग हवा, मधे कुठेही नळी खाली झोळून परत वर चढली की तेल तिथंच थांबलं. टर्बोचं तेलाचं बाहेर पडायचं तोंड सरळ खाली हवं, थोडंफार तिरपं चालतं, पण ३५ अंशांच्या पलीकडे नको. चेंबरला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) जिथे नळी जोडायचा बंग, म्हणजे आट्यांचा तुकडा, वेल्ड करायचा ती जागा तेलाच्या लेव्हलच्या वर हवी, आणि क्रॅंक फिरताना जिथे तेल उडवतो त्याच्या समोर नको. गाडी सपाटीवर उभी करून डिपस्टिकवरून लेव्हल काढली की झालं असं वाटतं, पण आपल्याकडे घाट आहेत, नाक वर करून गाडी चढतेय तेव्हा चेंबरमधलं तेल मागे सरकतं, म्हणून वर हात राखून जागा धरा. टर्बोच जर चेंबरच्या लेव्हलला किंवा खाली येत असेल तर उताराचा विषयच संपला, तेल ओढून घेणारा वेगळा पंप लावावा लागतो.

एवढं सगळं करूनही धूर येत असेल तर डिपस्टिक आपोआप वर उचलली जातेय का बघा. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) वाढला की पिस्टन रिंगवरून चेंबरमध्ये उतरणारा गॅसही वाढतो, चेंबरमध्ये दाब तयार होतो आणि तो परतीच्या नळीतूनच तेलाला वर अडवून धरतो. जुन्या इंजिनला टर्बो लावणाऱ्यांनी ब्रीदर (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी नळी) आधी मोठा करावा, अलॉय व्हीलचा विचार नंतर.

तेल आत नेणारी बाजू त्यामानाने सोपी. फिल्टरनंतरचं तेल घ्यायचं, बहुतेक जण ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून घेतात. इथे आटे बघा! बऱ्याच जपानी इंजिनांवर १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, इंचाला २८, आणि किटमध्ये येणारं फिटिंग १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचं) असतं, इंचाला २७. दोन-तीन फेरे मस्त जातं, मग अडतं, मग माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो आणि अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो. टेफ्लॉन टेप अजिबात नको, त्याचा एक तुकडा तुटून आत गेला तरी टर्बोचं तेल बंद होऊ शकतं. टर्बोच्या तेलाच्या फ्लॅंजला सिलिकॉन फासायचं नाही, धातूचं पॅकिंग टाकायचं, कारणही तेच. बॉल बेअरिंगवाला टर्बो असेल तर त्याला तेल कमी लागतं, आत जाताना १ मिमीच्या आसपास भोकाचा रिस्ट्रिक्टर टाकतात. साध्या बुशच्या टर्बोला सहसा लागत नाही, आणि धूर थांबवायला कोणी रिस्ट्रिक्टर सुचवत असेल तर त्याला आधी परतीची नळी दाखवा.

नळी टेफ्लॉन अस्तराची, वरून स्टीलची जाळी असलेली घ्या. ही जाळी हलत राहिली की बाजूची वायर करवतीसारखी कापते, तेव्हा नीट बांधा. समुद्राकाठी साध्या प्लेटिंगच्या क्लिपा लवकर गंजतात, त्या स्टेनलेसच्याच हव्यात. आणि पावसाळ्यात घर ते बाजार एवढीच गाडी फिरत असेल तर तेल पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही, झाकणाखाली दुधाळ साय दिसते. इंजिन हे काही दिवस खपवून घेतं, टर्बोच्या बारीक वाटा नाही घेत. मी तरी अशा गाडीचं तेल ५,००० किमीच्या पुढे ओढणार नाही.

आंबा घाट दाबून चढायचा आणि वर चहाला थांबून लगेच चावी फिरवायची, ही सवय मात्र मोडा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, टर्बाइनची उष्णता मधल्या कोठ्यात शिरते आणि तिथलं उरलेलं तेल जळून त्याचा काळा थर बसतो. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, किंवा शेवटचा किलोमीटर सावकाश घ्या. कोअरला पाण्याची जोडणी असेल तर ती आळसाने सोडून देऊ नका, इंजिन बंद झाल्यावरही पाणी गरम होऊन आपोआप थोडं फिरत राहतं.

रस्त्यावर चालवायच्या गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओचं बघून घ्या, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ यासाठीच आहे.

पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडं तेल ओता, चाक हाताने फिरवा, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर काढून ठेवा, परतीची नळी चेंबरकडून सोडून बाटलीत धरा आणि थांबत थांबत सेल मारा. बाटलीत सलग धार आली की नळी जोडा आणि मग इंजिन चालू करा. रेस मारायची नाही.