दिनारियस

दिनारियस हे प्राचीन रोमचे चांदीचे मुख्य नाणे. इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना ते पाडायला सुरुवात झाली. किंमत काशाच्या दहा ‘अस’ नाण्यांइतकी, म्हणून ‘दहाचे’ या अर्थाचे हे नाव. पुढे ती सोळा अस झाली, नाव तेच राहिले. तापवलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा हाणत. त्यामुळे चित्र बऱ्याचदा एका बाजूला सरकलेले आणि कड तडकलेली दिसते.

प्रजासत्ताकाच्या काळात त्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि घोड्यांवरचे जुळे देव असत. जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या टाकसाळीने प्रथम उमटवला तो ज्युलियस सीझरचा, इ.स.पू. ४४ मध्ये. त्याच मार्चमध्ये त्याचा खून झाला. मारेकरी ब्रूटसने काढलेल्या नाण्यावर दोन खंजीर, मध्ये मुक्त गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तिथी आहे. गंमत म्हणजे, दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचाच चेहरा आहे!

सम्राटांच्या काळात नाणे हेच दरबारी फर्मान झाले. ऑगस्टसने वारस म्हणून गायस व लूसियस हे नातू ढाली-भाल्यांसह दाखवले. दोघेही त्याच्या आधी वारले. नर्व्हाने इ.स. ९७ मध्ये हस्तांदोलनाचे चित्र काढून ‘सैन्याची एकजूट’ असे कोरले. त्याच वर्षी त्याच्याच अंगरक्षक दलाने त्याला राजवाड्यात कोंडले.

ऑगस्टस आणि टायबेरियस यांची दिनारियस दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूरच्या परिसरात, मोठ्या संख्येने सापडली आहेत. नीरोने इ.स. ६४ मध्ये वजन आणि कस दोन्ही घटवले. भारतीय व्यापाऱ्यांनी जुनी, चोख नाणीच पसंत केली असावीत, असा एक कयास आहे. गुप्तकालीन लेखांतला ‘दीनार’ हा शब्द ‘दिनारियस’वरूनच आला, नाणे मात्र सोन्याचे.

पुढे हीण वाढतच गेले. सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात चांदी जेमतेम निम्मी उरली. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये किरणांचा मुकुट घातलेल्या सम्राटाचे नवे नाणे काढले. ते दोन दिनारियसचे मानले जाते, पण चांदी साधारण दीडपटच. गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत ते नाणे तांब्याचेच झाले, वर फक्त चांदीचा मुलामा. तो आधी उंचवट्यांवरून झिजतो, म्हणून सम्राटाचे नाक आणि मुकुट सगळ्यांत आधी तांबूस दिसू लागतात.