मेनशीट सोडायची की ट्रॅव्हलर? कॅटमरानवर वाऱ्यावर चढताना होणारा घोळ

कॅटमरान म्हणजे दोन हलची, म्हणजे दोन सांगाड्यांची, शिडाची बोट. ती वाऱ्यावर चढतेय, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकी चाललीय. दोघंही ट्रॅपीझवर, म्हणजे मस्तुलावरून आलेल्या वायरला, बाहेर लटकलेत, वाऱ्याकडचा हल पाण्याला जेमतेम चाटतोय, मस्त चाललंय आणि तेवढ्यात समोरचं पाणी काळं पडतं. गस्ट, म्हणजे वाऱ्याचा जोरदार झोत, येतोय. मागून कोणीतरी ओरडतं, "मेन सोड!" आता सोड म्हणजे नक्की काय सोड? दोऱ्या तर दोन आहेत, मेनशीट (मेन म्हणजे मोठ्या शीडाची दोरी) आणि ट्रॅव्हलर (मेनशीटचं खालचं टोक ज्या गाडीवर असतं ती आडवी सरकवणारी), आणि नवीन माणसाला वाटतं की दोन्हीने होतं एकच, शीड बाहेर जातं आणि बोट आडवी पडायची थांबते. आडवी पडायची थांबते हे खरं, पण पुढच्या दहा सेकंदांत दोन्हींचे परिणाम एकदम वेगळे असतात.

कॅटमरानवर ट्रॅव्हलर मधोमध असेल तर मेनशीट जवळजवळ सरळ उभी असते, म्हणजे ती शीड आत ओढण्यापेक्षा खाली ओढण्याचं काम जास्त करते. ती थोडी सैल केली की बूम (शीडाच्या खालच्या कडेचा दांडा) आधी वर उचलला जातो, मागची कड ढिली पडते आणि शीडाचा वरचा भाग पिळल्यासारखा उघडतो. खालचा भाग मात्र जवळपास जागच्या जागी काम करत राहतो. याला ट्विस्ट म्हणतात. बोट उलथवायला सगळ्यात जास्त जोर कुठला लावतो तर वरचा भाग, कारण पाण्यापासून सात मीटरवर असलेला धक्का दोन मीटरवरच्या धक्क्यापेक्षा कितीतरी मोठी तरफ घेऊन येतो. म्हणजे नेमका त्रास देणारा भाग तेवढा रिकामा केला.

ट्रॅव्हलर सोडला की मागच्या बीमवरच्या (दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या) ट्रॅकवरून गाडी खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूरच्या बाजूला, सरकते, मेनशीटचा ताण तसाच राहतो, शीडाचा आकार पण तोच, फक्त अख्खं शीड दार उघडल्यासारखं बाहेर फिरतं. वर-खाली सगळीकडे जोर सारखा कमी होतो.

होबी १६ या कॅटमरानवर तर अजून गंमत आहे. तिथे मेनशीट आणि ट्रॅव्हलरची दोरी ही एकाच लांब दोरीची दोन टोकं. ट्रॅम्पोलिनवर (दोन हलमधल्या ताणलेल्या जाळीवर) तिची शेवयांसारखी गुंतवळ पडलेली असते आणि मी एकदा वायरवर असताना मेनशीटची समजून हाताला लागेल ती दोरी झटका देऊन सोडली, ती निघाली ट्रॅव्हलरची. गाडी धाडकन ट्रॅकच्या टोकाला, शीडातला जोर एका क्षणात गायब, वाऱ्याकडचा हल धप्पकन खाली आणि मी पाठीवर पाण्यात ओढला जातोय, एक पाय अजून हलच्या काठावर. तेव्हापासून वायरवर जायच्या आधी हातातली दोरी एकदा ओढून बघतो. वेडेपणा वाटतो पण करतो.

आता वापरायचं काय? माझं मत, वाऱ्यावर चढताना पहिला हात मेनशीटला. कारण सोपं आहे, ती हातात असते आणि ट्रॅव्हलर मागच्या बीमवर, वायरवरून तिथे पोचायचं म्हणजे अंग आत घ्यावं लागतं आणि गस्टमध्ये तेच नको असतं. शिवाय लागतं फार थोडं. समजा सहापदरी पुली आहे, तर हातातून ३० सेंटीमीटर दोरी गेली की बूमला मिळतात फक्त ५ सेंटीमीटर. आणि सोडायची हल वर उठल्यावर नाही हं, उठायला लागतोय असं पायाला जाणवलं की लगेच. हल पाण्यातून सुटला त्या क्षणी तुमच्या वजनाचा सगळा फायदा वापरून झालेला असतो, त्याच्या वर उचललात तर तो कमीच होत जातो, फोटो भारी येतो एवढंच. बोटीने वेग घेतला की बोटीवर जाणवणारा वारा नाकाकडे सरकतो, म्हणून सोडलेली दोरी लगेच परत आत घ्यायची. हे "परत आत" बहुतेक जण विसरतात.

पण मेनशीटचा एक छुपा तोटा आहे, जिब (पुढचं छोटं शीड) असलेल्या बोटीवर. कॅटवर मेनशीटच मस्तूल मागे खेचून फोरस्टे (मस्तुलापासून पुढे येणारी, जिबची तार) ताणून धरते. ती सतत ढिली ठेवली की फोरस्टे झोल खातो, जिब फुगतं, आणि बोट वाऱ्याकडे जायलाच तयार होत नाही. (ए-क्लास नावाच्या कॅटवर जिबच नाही, त्यांची ही डोकेदुखी वाचली.) म्हणून गस्ट येऊन जात नाहीये, वाराच कायमचा वाढलाय आणि प्रत्येक वेळी हातभर दोरी सोडावी लागतेय असं दिसलं की आधी डाउनहॉल (मेनची पुढची कड खाली ताणणारी दोरी) अजून ओढा, मग ट्रॅव्हलर थोडा खाली घ्या आणि मेनशीट परत घट्ट. ट्रॅव्हलर फारच खाली गेला तर जिब आणि मेनमधली फट बंद होते आणि मस्तुलामागचा मेनचा भाग उलटा फुगायला लागतो, ते दिसलं की समजायचं जिबपण थोडं बाहेर हवंय.

तिसरा मार्ग बरेच जण नकळत घेतात, दोरी न सोडता सुकाणूने बोट वाऱ्याकडे वळवायची. थोडंसं चालतं. पण होबी १६ ला डॅगरबोर्ड (हलमधून पाण्यात उतरवायच्या फळ्या) नाहीत, तिचे एका बाजूने फुगीर हलच पाण्यात पकड घेतात आणि ती पकड वेगावर मिळते. वेग गेला की बोट नाक वाऱ्याकडे करून चक्क बाजूला घसरते. समजा खऱ्या वाऱ्याला ४० अंशात ७ नॉटने चाललात तर वारा येतो त्या दिशेने कमाई ५.४ नॉट, आणि ५० अंशात १० नॉटने चाललात तर ६.४, घसरणं अजून धरलंच नाही.

ट्रॅपीझवरच्या माणसाने यात करायचं एवढंच की उगाच आत-बाहेर करायचं नाही. पाय खांद्याइतके फाकवलेले, पुढचा पाय ताठ कारण बोट थबकली की अंग पुढेच फेकलं जातं, आणि बारीक चढउतार दोरीवर सोडून द्यायचे. एफ १८ या कॅटवर बहुतेकदा मेनशीट क्रूच्याच (सुकाणू न धरणाऱ्या साथीदाराच्या) हातात असते, तिथे सुकाणूवाल्याने गस्ट दिसताच तोंडाने सांगायचं, आणि तेही "सोड" नाही, "शीट" किंवा "ट्रॅव्हलर" असं नाव घेऊन.